वाद्य कपाटात मावते, नाद मावत नाही

लालबागेत सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हां इंदूरकर मराठी मंडळींचा एक जुना परिपाठ आहे. कान्ह नदीच्या बाजूची फेरी आटोपली, की बाकांवर बैठक जमते, गुडघेदुखीची चौकशी होते आणि मग कोणीतरी संगीतावरचा एखादा प्रश्न टाकतो. पूर्वी हे प्रश्न नाट्यपदांचे असत. अमुक पद कोणत्या रागातले, त्याची चाल कोणाची, ते प्रथम कोणी म्हटले, यावरून उन्हे चढेपर्यंत वाद चालत. अलीकडे नातवंडांच्या कृपेने या प्रश्नांचा मुलूख बदलला आहे. हात न लावता वाजणारे वाद्य कोणते? थेरेमिन, १९२०च्या सुमारास रशियात जन्मलेले. कोणत्या रचनेत तोफा डागतात? चायकोव्हस्कीच्या ‘१८१२’मध्ये. टंकलेखन यंत्राला वाद्यवृंदात कोणी बसवले? लिरॉय अँडरसन याने, १९५० साली. एका सद्गृहस्थांनी तर असाही योग शोधून काढला, की ज्या १८८६ साली लालबागेच्या राजवाड्याचे काम सुरू झाले असे सांगतात, त्याच साली पॅरिसमध्ये म्युस्तेल याने चेलेस्टा नावाचे घंटानादी पेटीवाद्य सिद्ध केले. आम्ही टाळ्या दिल्या. खोटे कशाला सांगा, आम्हांलाही या खेळात रस वाटतो.

परंतु मध्यंतरी एका सकाळी कोणी सहज विचारले, की होळकर दरबारात नावाजलेले बीनकार कोण, आणि नाना पानसे कोणते वाद्य वाजवीत? बैठक गप्प झाली. एक जण म्हणाले, “पानसे म्हणजे कीर्तनकार ना?” दुसऱ्यांनी विचारले, “बीन म्हणजे गारुड्याची?” हसे झाले, विषय मिटला आणि मंडळी पोहे-जिलबीकडे वळली. आम्ही मात्र त्या शांततेपाशी अडकून पडलो. तिच्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत, आणि ते थोडे कडू लागतील याची पूर्वसूचना आधीच देतो. दोष सांगताना आम्ही स्वतःला वगळलेले नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रथम त्या दोन प्रश्नांची उत्तरे. बंदे अली खाँ हे एकोणिसाव्या शतकातले थोर बीनकार इंदूरच्या दरबाराशी जोडलेले होते. येथल्या महाराजांनी प्रसन्न होऊन ‘हवे ते मागा’ म्हटले, तेव्हा खाँसाहेबांनी जहागीर न मागता दरबारातली गायिका चुन्नाबाई मागितली, ही आख्यायिका आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. पुढे ते पुण्यास गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. देवासचे रजब अली खाँ त्यांच्याकडे शिकले. नाना पानसे हे मूळचे वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनाच्या परंपरेतून आलेल्या या माणसाने होळकरांच्या इंदुरात बसून पखवाजाचे एक स्वतंत्र घराणे उभे केले. उत्तर हिंदुस्थानात पखवाजाची जी मोठी घराणी मानली जातात, त्यांत कुदऊसिंहांच्या बरोबरीने पानसे घराण्याचे नाव घेतात. त्यांची विद्या सखारामपंत आगले आणि अंबादासपंत आगले यांनी याच शहरात सांभाळली. गोविंदराव बुऱ्हाणपूरकर हे त्याच परंपरेतले. म्हणजे ज्या शहराच्या नावाने पखवाजाचे एक घराणे सांगितले जाते, त्या शहरातल्या मराठी माणसांना पानसे कोणते वाद्य वाजवीत हे सांगता आले नाही; पण टंकलेखन यंत्राचा वादक कोण, ते आले!

यावर कोणी म्हणेल, की परदेशी गोष्टींचे कुतूहल असणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. आमची तक्रार कुतूहलाविषयी नाही, अर्ध्या वाटेवर थांबलेल्या कुतूहलाविषयी आहे. थोडे पुढे चालले असते, तर याच प्रश्नांनी मंडळींना घरी आणून सोडले असते. काचेच्या प्याल्यांचे वाद्य घ्या. बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ साली ते नव्या स्वरूपात घडवले आणि मोझार्टने १७९१ साली, आपल्या अखेरच्या वर्षी, त्याच्यासाठी रचना केली. हे आमच्या बाकावर सर्वांना ठाऊक आहे. परंतु चिनी मातीच्या वाडग्यांत कमीअधिक पाणी भरून काडीने वाजवायचे जलतरंग आपल्याच मराठी घरांतून हौसेने मांडले जाई, याची आठवण किती जणांना झाली? तोफांचेही तसेच. ‘१८१२’मध्ये तोफ हे वाद्य होते, याचे आम्हांला नवल. पण आपल्याच प्रांतातल्या मैहर येथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून, स्वरात लावून ‘नलतरंग’ घडवला. तेथे तोफ संगीतात आली. येथे बंदुकीने बंदूकपण सोडले आणि ती संगीत झाली. यांतला अधिक मोठा विचार कोणता, ते वाचकांनीच ठरवावे.

याहूनही बोलके उदाहरण ‘तुरंगलीला’चे आहे. ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच रचनाकाराची ही सिंफनी १९४९ साली बोस्टन येथे प्रथम वाजली. तिच्यात ‘ओंद मार्तनो’ हे विजेवर चालणारे वाद्य आहे, आणि म्हणून ते आमच्या प्रश्नमंजूषेत हमखास येते. पण तिचे नाव संस्कृतातून घेतलेले आहे, आणि मेसियाँने आयुष्यभर ज्या लयबंधांचा अभ्यास केला ते ‘संगीतरत्नाकरा’तले देशी ताल आहेत, हे आमच्या बैठकीत कधी कोणी सांगितले नाही. एका फ्रेंच संगीतकोशात छापलेली त्या १२० तालांची यादी त्याच्या हाती लागली होती. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव कोठला? तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला अधिकारी. ज्याचे पूर्वज काश्मीरहून दक्षिणेत उतरले होते असा! आम्ही स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘स्थलांतरित’ म्हणवतो, मल्हाररावांबरोबर आलो, १८१८नंतर महेश्वरची राजधानी इंदुरास आली तेव्हा वाडे बांधले, असे सांगतो. शार्ङ्गदेवाच्या घराण्याने स्थलांतर करून काय दिले, ते एका फ्रेंच माणसाला कळले. आम्हांला त्याच्या वाद्यवृंदातले विजेचे यंत्र तेवढे लक्षात राहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या सकाळच्या शांततेनंतर आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी सुचवले, की जुन्या मराठी घरांतली वाद्ये गोळा करावीत आणि लालबागेच्या राजवाड्यात, जेथे आज संग्रहालय आहे, तेथे काचेच्या कपाटांत मांडावीत. म्हणजे पुढच्या पिढीला माहिती होईल. सूचना सद्हेतूने केलेली होती आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. आमचा तिला विरोध आहे, आणि तो आम्ही येथे सकारण नोंदवतो.

वाद्य म्हणजे वस्तू, ही समजूतच मुळात चुकीची आहे. पखवाज पाहा. त्याच्या उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते; पण डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावावी लागते आणि वादन संपले की ती काढावी लागते. किती लावायची, किती ओली ठेवायची, हे त्या दिवशीच्या हवेवर आणि ज्या स्वरात तोंड मिळवायचे त्यावर ठरते. हे ज्ञान खोडात नाही, वादीत नाही, गठ्ठ्यांत नाही. ते बोटांत आहे. कपाटात ठेवलेल्या पखवाजाचा धुमा कोरडा असतो, म्हणजे तो अर्धा पखवाज असतो. बीनेचे तर याहून कठीण. दोन मोठे भोपळे, पोकळ दांडी, मेणाने बसवलेले पडदे, मोजक्या तारा. पडद्यांचे मेण उन्हाळ्यात मऊ पडते. घोडीची जवारी वाजवता वाजवता झिजते आणि पुन्हा काढून घ्यावी लागते. तार एकदा छेडून तिच्यावर मिंड ओढत नाद विझेपर्यंत थांबणे, ही बीनेची खरी विद्या. ते थांबणे कोणत्या कपाटात ठेवणार?

ब्रुसेल्सचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १८७६ साली कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट पाठवली. ती पुढे तेथल्या संगीतविद्यालयाच्या संग्रहालयात गेली. संग्रहाचे प्रमुख माहियाँ यांनी जगभरच्या वाद्यांची सूची करताना तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या आपल्या प्राचीन चौकटीला जवळची अशी चार वर्गांची मांडणी स्वीकारली. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी तीच मांडणी सुधारून पुढे नेली, आणि आज जगातली संग्रहालये तिच्या आधारे वाद्यांची वर्गवारी करतात. ही अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण त्या कपाटांतून एकही बीनकार निर्माण झाला नाही, हेही तितकेच खरे. संग्रहालय वाद्याचे नाव जपते, वर्ग जपते, लाकूड जपते. स्वर जपणे हे त्याचे काम नव्हे, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली वाद्ये पाहून आम्ही भारावलो आहोत. पण तेथून बाहेर पडताना कानांत काहीच नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

याउलट, जी वाद्ये लोकांनी हाताळली, ती परकी असूनही आपली झाली. हार्मोनियम पॅरिसचे, १८४०च्या सुमारास दबाँ याने घडवलेले. त्यात आपल्या श्रुती नाहीत, मिंड नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने त्यावर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. तीस वर्षे सरकारदरबारी बहिष्कृत असलेले हे वाद्य मेले का? नाही. कारण ते प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक भजनी मंडळात, नाटकाच्या प्रत्येक तालमीत वाजत होते. गोविंदराव टेंब्यांनी त्याला मैफलीचा मान मिळवून दिला, बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ऑर्गनचे सूर घुमले. आपल्यासारखेच घर सोडून गेलेले तंजावरचे मराठे पाहा. सरफोजी दुसरे यांच्या दरबारात युरोपीय वाद्ये आली, आणि त्या मुलखाने व्हायोलिन मांडीशी घेऊन इतके आपलेसे केले, की आज ते मुळात परके होते हे सांगावे लागते. बंदी घालून वाद्य मरत नाही आणि कपाटात ठेवून जगत नाही. ते वाजते किंवा वाजत नाही, एवढाच प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप आम्हांला गंभीरपणे घेतला पाहिजे. काळाबरोबर वाद्ये जातात, नवी येतात. बीन गेली तर सतार आली, पखवाज मागे सरला तर तबला पुढे आला. मग शोक कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. याच इंदुरात जहाँगीर खाँसाहेबांनी तबल्याच्या पिढ्या घडवल्या, आणि त्या आम्ही उणे लेखणार नाही. किंबहुना बीन पुरती गेलीच नाही, असेही अभ्यासक मानतात. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शहमीर खाँ सारंगी आणि बीन वाजवीत. खाँसाहेबांचे पहिले शिक्षण सारंगीचे. त्यांच्या अतिविलंबित आलापात, एकेका स्वरावर मुक्काम करण्याच्या त्या धीरात, बीनेची चाल ऐकू येते असे जाणकार सांगतात. मग आमचा प्रश्न असा, की ज्या गाण्याचा आपण इंदूरचे म्हणून अभिमान बाळगतो, त्याचा उगमच ऐकण्याची सोय या शहरात नसावी का? नदी वाहत आहे म्हणून झरा बुजवावा, हा कोठला न्याय?

शिवाय बीन स्वाभाविक मरणाने मागे पडली, हेही पूर्ण खरे नाही. तिचा आवाज लहान आणि खोल आहे. तिला शांत खोली लागते आणि न बोलणारे वीसपंचवीस श्रोते लागतात. आपण काय केले? वाडे पाडून इमारती बांधल्या, बैठकी बंद करून मंडप घातले, आणि मंडपात भोंगे लावले. लालबागेच्या मैदानावर मालवा उत्सव भरतो, हजारो लोक येतात, कलावंतांना व्यासपीठ मिळते. ते योग्यच आहे. पण प्रत्येक संगीत मैदानावर मोठे करूनच ऐकायचे, असे ठरवले, की जे वाद्य मोठे होऊ शकत नाही ते आपोआप बाद होते. मग आम्ही म्हणतो, ‘या वाद्याला आता श्रोते नाहीत.’ श्रोते होते; बसायला जागा ठेवली नाही.

आणि वाजवणारा गेला, की त्याच्या मागून कारागीर जातो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा सर्वांना आनंद झाला. त्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो, वाळतो, मग मिरजेला येतो. शेतकरी, भोपळ्याचा व्यापारी, लाकूड कोरणारा, जवारी काढणारा, अशी ही साखळी आहे, आणि तिचे शेवटचे टोक वाजवणाऱ्याच्या हातात आहे. आपल्या शहरात पखवाजाची पुडी चढवून घ्यायची तर कारागीर शोधत हिंडावे लागते. त्याला दोष कसा देणार? वर्षाकाठी दोन गिऱ्हाइकांवर कोणाचे घर चालते?

आता आमचा स्वतःचा गुन्हा. आमच्यातल्याच एका घरात आजोबांचा पखवाज माळ्यावर होता. घर विकताना तो कोठे द्यावा, याचा कोणी विचार केला नाही. भंगारवाल्याने वादीसकट नेला. त्या वेळी आम्ही सारे हजर होतो, आणि जुनी पुस्तके कोणाला द्यावीत यावर तासभर बोलत होतो. पुस्तकांची काळजी करणारी ही मंडळी वाद्याला अडगळ समजत होती. पखवाजाला पाने नसतात म्हणून त्यात काही लिहिलेले नसते, असे आम्हांला वाटले असावे. ही खंत मनात घर करून आहे, म्हणूनच हा लेख.

आता यावर उपाय काय, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. तो याच प्रांताने एकदा करून दाखवलेला आहे. ध्रुपद संपले, असे सगळे म्हणत असताना १९८१ साली भोपाळला ध्रुपद केंद्र निघाले. तेथे कपाटे मांडली नाहीत. उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांना बसवले आणि समोर शिष्य बसवले. त्याच काळात त्यांचे ज्येष्ठ बंधू झिया मोहिउद्दीन डागर यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभे करून बीन जागती ठेवली. भोपाळच्या त्या केंद्रातून गुंदेचा बंधू निघाले, आणि आपल्या उज्जैनला जन्मलेले मराठी गायक उदय भवाळकरही निघाले. आज ध्रुपद जगभर ऐकले जाते. एक गुरू, चार शिष्य, एक शांत खोली आणि काही वर्षांचा धीर, एवढेच भांडवल होते.

म्हणून आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली: बाकावरची प्रश्नमंजूषा अवश्य चालू राहावी, परंतु ज्या वाद्याचे नाव विचारले, त्याचा नाद पाच मिनिटे सर्वांनी न बोलता ऐकावा. नुसते उत्तर सांगून टाळ्या घेऊ नयेत. आज खिशातल्या फोनवर ते सहज शक्य आहे. तेव्हा साधन नाही ही सबब चालणार नाही. दुसरी: प्रत्येक जुन्या घराने माळा उघडावा. दिलरुबा, सारंगी, पखवाज, जलतरंगाचे वाडगे, जे निघेल ते भंगारात किंवा थेट कपाटात न देता आधी वाजवणाऱ्याच्या किंवा शिकणाऱ्याच्या हाती द्यावे. तिसरी: आपल्या मंडळाने तीन महिन्यांतून एक बैठक ध्वनिवर्धकाशिवाय करावी, पंचवीस माणसे आली तरी पुरेत, कारण तितकीच हवी आहेत. चौथी: दरवर्षी शाल-श्रीफळांवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग पखवाज शिकणाऱ्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीस द्यावा. सत्कार झालेल्या माणसाच्या घरी आणखी एक शाल नसली तरी थंडी वाजत नाही. आणि राजवाड्यात वाद्ये मांडायचीच असतील, तर ती लावलेली असावीत आणि ठरल्या दिवशी तेथेच कोणीतरी ती वाजवावीत, अशी अट आधी घालावी.

हे लिहून झाल्यावर काही स्नेही आमच्यावर रुष्ट होतील, हे आम्ही जाणतो. गंमत म्हणून चाललेल्या खेळात एवढे गांभीर्य कशाला, असे ते म्हणतील. त्यांना इतकेच सांगणे आहे, की खेळ आम्हांलाही हवा आहे. उद्याही आम्ही त्याच बाकावर येऊ. चेलेस्टा कोणी घडवला, ते पुन्हा विचाराल तर उत्तर देऊ. पण त्यानंतर आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत: आपल्या घराण्यात शेवटचा पखवाज कोणी वाजवला, आणि तो आज कोठे आहे? त्याचे उत्तर कोणत्याही कोशात सापडणार नाही. त्यासाठी घरी जाऊन माळ्यावर चढावे लागेल.